‘वक्त आ गया था’ म्हणण्याआधी

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला तरुण घरी येतो, दोन-तीन महिन्यांनी ताप-खोकल्याने आजारी पडतो आणि जातो. मग मोहल्ल्यात एकच वाक्य फिरते, ‘वक्त आ गया था.’ ट्रान्सप्लांट तर यशस्वी झाले होते. मग गेला कशाने? दफन झाल्यावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याचा ईमान कच्चा ठरतो.

अशा मृत्यूमागे बुरशी असू शकते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉनचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. निरोगी शरीर ते साफ करते. ट्रान्सप्लांटआधी केमोथेरपीने रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करतात. नवी रुजेपर्यंत पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात, म्हणून त्याला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवतात. हे आपल्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. त्या शांत करायला महिनोन्‌महिने स्टिरॉइड द्यावे लागते आणि प्रतिकारशक्ती पुन्हा दबते. त्या वेळी रुग्ण दवाखान्यात नसतो, घरी असतो.

आणि घर कुठे? समजा, सिद्धेश्वरला. पूर्णेवरच्या धरणाचे पाणी, त्यावर हळद. हळद शिजते, वाळते, ड्रममध्ये पॉलिश होते आणि अंगणभर पिवळी धूळ उडते. सोयाबीनची मळणी, भुश्श्याचे ढीग, दाराशी उकिरडा. कुजणारा पाला आणि भुस्सा हेच या बुरशीचे माहेर. त्यात पहिल्याच संध्याकाळी इयादतीला चाळीस माणसे, हातात फुले-फळे आणि तोंडाजवळ हळदीच्या दुधाचा पेला. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण हळदीच्या दुधाने फुप्फुसातली बुरशी मरत नाही, आणि इयादत फोनवरही होते. उंट बांधण्याची हदीस आपल्याला तोंडपाठ आहे. मास्क, ओली फरशी, बंद खिडकी, मळणीच्या दिवसांत रुग्णाला दुसरीकडे ठेवणे, हाच या घरातला दोर.

चंद्याचेही तेच. ऑपरेशनसाठी व्हॉट्सॲपवर लाखो रुपये जमतात, जकातही निघते. नंतरच्या बुरशीविरोधी गोळ्यांसाठी कुणी दमडी काढत नाही, कारण गोळ्यांच्या डबीचा फोटो रडवत नाही.

दोष फक्त आपला मात्र नाही. टाटा रुग्णालयात देशातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 साली झाले. सिद्धेश्वरचा रुग्ण आजही मुंबई, पुणे नाहीतर हैदराबाद गाठतो. मध्यरात्री ताप चढला तर तो पोचतो जवळच्या सरकारी दवाखान्यात. तिथे ताप म्हणजे टायफॉइड किंवा न्यूमोनिया, आणि औषध म्हणजे अँटिबायोटिक. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही. असे चार-पाच दिवस गेले की पुढे मुंबई गाठूनही हाती काही लागत नाही. 2021 मध्ये म्युकरच्या साथीत ॲम्फोटेरिसिनच्या एकेका इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरले. साथ ओसरली आणि बुरशी हा शब्दच सरकार विसरले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 घातक बुरश्यांची यादी काढली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यात सर्वांत गंभीर गटात आहे.

आणखी एक गोष्ट, जी कृषी केंद्रावर कुणी सांगणार नाही. हळदीच्या करप्यावर फवारतात ते प्रोपिकोनॅझोल आणि या रुग्णांचा जीव वाचवणारे व्होरिकोनॅझोल एकाच कुळातले. शेतात अशा औषधांचा मारा झाला की त्यांना दाद न देणारी बुरशी तयार होते. तशी ॲस्परजिलस भारतातही सापडली आहे. शेतकऱ्याने पीक सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. पण कृषी खाते आणि आरोग्य खाते या विषयावर एका टेबलाशी कधी बसले आहे काय?

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. भाषणे झाली, बॅनर लागले. आता आपल्यातल्या पोरांनी 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात: गॅलॅक्टोमॅनन ही रक्तचाचणी इथे होते का, नसेल तर नमुना कुठे जातो आणि अहवाल किती दिवसांत येतो? व्होरिकोनॅझोल आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आज साठ्यात किती आहे? ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण ताप घेऊन आला तर ड्युटीवरच्या डॉक्टरने काय करायचे, याची लेखी सूचना आहे का? उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. नाही आले तर पहिले अपील करा.