सहीपुरती बहीण

1731 सालच्या एप्रिलात दोन चुलतभावांनी वारणा नदीचा बांध धरला. उत्तरेकडचं साताऱ्याच्या शाहू महाराजांचं, दक्षिणेकडचं कोल्हापूरच्या संभाजीराजांचं. वारणेचा तह म्हणून शाळेत आपण तो दोन मार्कांसाठी पाठ केला. तहनामा म्हणा, करारनामा म्हणा, मुळात ते वाटणीपत्र आहे. आजही सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या मधून बऱ्याच अंतरापर्यंत तीच नदी वाहते.

त्या वाटणीच्या आड ताराबाई उभ्या आहेत. पुतण्याशी, म्हणजे शाहू महाराजांशी, त्या वर्षानुवर्षं लढल्या. सवतीनं त्यांना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं, मुलगा कैदेतच गेला. शेवटी त्या राहायला आल्या कुणाकडं, तर ज्याच्याशी उभं वैर केलं त्याच पुतण्याच्या साताऱ्यात. तिथंही गप्प बसल्या नाहीत. आपला नातू म्हणून ज्याला स्वतःच पुढं आणलं, त्या रामराजाला त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. एखाद्या होतकरू कादंबरीकारानं हे कथानक आमच्याकडं पाठवलं असतं, तर ‘जरा अति होतंय’ असा शेरा मारून मी ते परत केलं असतं.

यंदाच्या आमच्या दिवाळी अंकासाठी ‘कथेतलं घर’ हा विषय ठरवला तेव्हा असंच काहीतरी अति येईल अशी आशा होती. आलेल्या कथा नीटनेटक्या होत्या. वडील जातात, मुलगा पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून येतो, खिडकीशी उभा राहतो, जुना चष्मा सापडतो, डोळे भरून येतात. भांडण कुणीच करत नाही. कऱ्हाड, वाई, तासगाव, विट्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांनी लिहिलेल्या कथांत बांधावरून साधी शिवीगाळसुद्धा नसावी, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. दुःख आणि वाटणी या दोन गोष्टी आपल्याकडं वेगळ्या दिवशी येत नाहीत.

दहाव्याला माहुलीच्या संगमावर जाऊन बघावं. कृष्णा-वेण्णेच्या काठी पिंड ठेवलेला असतो, कावळे झाडावर असतात आणि खाली उतरत नाहीत. अर्धा तास जातो. उन्हं चढतात. मग कुणीतरी थोरला पुढं होतो आणि हात जोडून मोठ्यानं म्हणतो, ‘आबा, धाकट्याचं शिक्षण मी बघतो.’ कावळा हलत नाही. दुसरा म्हणतो, ‘आईला अंतर देणार नाही.’ तरी नाही. शेवटी कुणीतरी विहिरीचं नाव काढतो, पाण्याच्या पाळीचं बोलतो, आणि नेमका तेव्हा कावळा शिवतो. लोक सुटकेचा श्वास सोडतात. ज्याला ही श्रद्धा वाटते त्याला वाटो, ज्याला भाकड वाटते त्याला तसं वाटो. मला त्यात घराची पहिली वाटणी-बैठक दिसते. मेलेल्या माणसाला पंच करून, भावकीच्या देखत, तोंडी करार होतो. पुढं तो पाळला जातो की नाही, हा कथेचा विषय. पण कथालेखक संगमावर येतच नाहीत, ते खिडकीशी थांबतात.

पूर्वी असं नव्हतं. या भागाच्या लेखकांनी घर कधी सोज्वळ करून दाखवलं नाही. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1909 साली नाटकाचं नावच ‘भाऊबंदकी’ ठेवलं. पुतण्याच्या खुनाचं ते प्रकरण घडलं शनिवारवाड्यात, पण काकाला जाब विचारणारे रामशास्त्री आमच्या माहुलीचे. रहिमतपूरच्या वसंत कानेटकरांनी 1962 साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं आणि छत्रपतींच्या घरात बाप, लेक आणि सावत्र आई यांच्यात काय चाललं होतं ते रंगमंचावर आणलं. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ 1964 ची. गांधीहत्येनंतर गावोगाव ब्राह्मणांची घरं जळली, ती गोष्ट त्यांनी आक्रस्ताळेपणा न करता सांगितली. घर जळतं एका दिवसात. त्याच गावाच्या पारावरून पुन्हा कसं जायचं, हा प्रश्न पुढं कितीतरी वर्षं पुरतो.

हे सगळं पुन्हा वाचताना मात्र एक गोष्ट खटकत राहिली. या गोष्टींत निष्ठा एकजण दाखवतो आणि तिची किंमत बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर पडते. त्या दुसऱ्याला बोलायला फारशी जागा मिळत नाही.

वि. स. खांडेकर सांगलीचे. 1898 सालचा जन्म, पाळण्यातलं नाव गणेश, वडील आत्माराम. पुढं सखाराम खांडेकरांना ते दत्तक गेले आणि गणेश आत्माराम होता तो विष्णु सखाराम झाला. आपल्याच नात्यात एक मुलगा दिला, दुसऱ्या घराचा वंश राखला, अशी ती जुनी व्यवस्था. मुलाला काय वाटलं हे विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. याच लेखकानं 1959 साली ‘ययाति’ लिहिली आणि 1974 चं ज्ञानपीठ मराठीला पहिल्यांदा मिळालं ते याच कादंबरीमुळं. दत्तकविधान आणि ‘ययाति’ यांचा धागा जोडण्याचा मोह मी आवरतो, लेखकाच्या चरित्रातून कादंबरीची किल्ली काढणं हा आळशी समीक्षेचा उद्योग आहे. पण कादंबरीची रचना बघा. ययाति आपली कहाणी सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. तिघांनाही भरपूर पानं मिळतात. ज्यानं बापाला आपलं तारुण्य काढून दिलं त्या पुरूला स्वतःचं निवेदन नाही. पितृभक्तीचा दाखला म्हणून आपण त्याचं नाव घेतो. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं ते आईच्या आणि बापाच्या तोंडून जेवढं कळेल तेवढंच कळतं.

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी त्याआधी साठ वर्षं, 1899 मध्ये, ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं. पैशासाठी कांचनभट पोटच्या मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. आई इंदिराकाकू कळवळते, पण घरात तिच्या कळवळ्याला मत नाही. लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाले म्हणून! आईच्या अश्रूंनी जे झालं नाही ते गोत्रानं केलं. देवलांचा डोळा किती तिखट होता ते इथं कळतं. नाटक सुखान्त करायचं तर करा, पण मुलगी कशामुळं वाचली हे प्रेक्षकाला दिसलंच पाहिजे.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ 1959 चाच, म्हणजे ‘ययाति’च्या बरोबरीचा. राणोजी गावासाठी जोगणी आणायला जातो आणि मारला जातो. ज्या गावानं मांगवाडा वेशीबाहेर ठेवला त्या गावाच्या मानासाठी हा माणूस डोकं देतो. मागं राहतात राधा आणि पोरं. त्यातला फकिरा मोठा होऊन खजिन्यावर चालून जातो, उपाशी माणसांच्या पोटाला घालतो, आणि सरकार त्याच्या माणसांना वेठीला धरतं तेव्हा आपण होऊन हजर होतो. बाप गावासाठी गेला, लेक आपल्या माणसांसाठी. पोवाडा या दोघांचा होतो. राधेच्या पदरी दोन मरणं येतात, आणि तिच्याकडं बघण्यासाठी मला कादंबरी पुन्हा वाचावी लागली. पहिल्या वाचनात मी फकिराच्या घोड्यामागं धावत होतो.

आता दिवाळी आहे, चार दिवसांनी भाऊबीज, म्हणून आजच्या घरातली एक गोष्ट सांगतो. ती कथेत मला फारशी भेटलेली नाही. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशाच्या कायद्यात तो 2005 साली आला, आणि वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर आपल्याकडं काय वाढलं? हक्कसोडपत्रं. कोणत्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोर सकाळी अकराला उभं राहावं. जीपमधून दोन-तीन बहिणी उतरतात, इस्त्रीच्या साड्या, पिशवीत आधार कार्ड. फोटो निघतो, अंगठा मशिनवर ठेवला जातो, ओला करून पुन्हा ठेवला जातो, कारण भांगलणीनं रेषा झिजलेल्या असतात. दस्तात लिहिलेलं असतं की हे स्वखुशीनं, कुणाच्या दडपणाखाली न येता. बाहेर आल्यावर भाऊ सगळ्यांना मिसळ खायला घालतो. फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावरची नावं जातात. भाऊबिजेला साडी येते.

यात भाऊ लबाड आणि बहीण बिचारी, अशी कथा कुणी लिहिली तर ती खोटी होईल. बहिणीला गुंठ्याचा भाव माहीत असतो. उसाचा उतारासुद्धा माहीत असतो. ती सही करते कारण उद्या नवरा दारू प्यायला लागला, घरातून काढलं, पोर आजारी पडलं, तर रात्री अकराला ज्या दारावर थाप मारता येईल असं एक दार तिला राखायचं असतं. माहेर ती विकत घेते, आणि महाग घेते. आणखी एक गंमत अशी की हीच बाई सासरी नणंदेच्या सहीची वाट बघत असते. ‘वन्सं, तेवढं एकदा येऊन जा,’ असा फोन तिनंच केलेला असतो. इकडं सोडलं ते तिकडं मिळालं की हिशोब मिटला, असं तिला वाटतं का? नणंदेच्या अंगठ्याखाली शाईचा डाग बघताना तिच्या मनात काय येतं? नणंदेनं सही द्यायला नकार दिला, तर ती कुणाच्या बाजूनं उभी राहते? हानी, भांडण आणि निष्ठा, तिन्ही एका टेबलाशी बसलेली आहेत, आणि आमचे कथाकार अजून न्यू जर्सीच्या विमानाची वाट बघतायत.

या अंकात जे आहे ते आम्ही मनापासून निवडलंय. तीन कथा अशा आहेत की ज्यांत लेखकानं खिडकी सोडून अंगणात पाय ठेवलाय, त्या कुठल्या ते वाचकांनी ठरवावं. पुढच्या दिवाळीसाठी मात्र आताच सांगून ठेवतो. सही केलेल्या, किंवा न केलेल्या, बहिणीची कथा कुणाकडं असेल तर मेअखेरपर्यंत पाठवा. शब्दांची मर्यादा नाही. भाषा घरात बोलता तीच ठेवा, माणदेशी असो नाहीतर वारणाकाठची. भावाला खलनायक करू नका, त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असू द्या. आणि भाऊबिजेच्या साडीचा रंग लिहिला नाही तरी चालेल, सही किती गुंठ्यांवर झाली ते लिहा.