पिलरमध्ये टायर नको, डिव्हायडरमध्ये हवा

जुन्या टायरचा चुरा काँक्रीटमध्ये घाला, असे म्हणणाऱ्यांच्या हाती नागपुरात एक हुकमी दाखला असतो: कोराडी-खापरखेड्याची राख. औष्णिक केंद्राची राख एकेकाळी बांधकामात कुणाला नको होती, आज ती सिमेंटच्या पोत्यातूनच येते. रबराचेही तसेच होईल, असा हा पूर्वपक्ष. ऐकायला गोड, पण मुळातच लंगडा. राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि सावकाश का होईना, ताकद वाढवते. रबर कशाशीच संयोग पावत नाही. ते पाणी झटकते, अंगाभोवती हवा धरून ठेवते, सिमेंट त्याला नीट चिकटत नाही. वरून दाब आला की गिट्टी तो पेलते, रबर मात्र दबते; मग त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या सिमेंटवर येतो आणि चिरा तिथूनच निघतात. 1993 मध्ये एल्डिन आणि सेनूसी या संशोधकांनी जाड गिट्टीच्या जागी पूर्णपणे टायरचे तुकडे घालून पाहिले, तेव्हा दाब सोसण्याची ताकद जवळपास 85 टक्क्यांनी घसरली.

‘आम्ही दहाच टक्के म्हणतो, तेही रेतीच्या जागी.’ ठीक. मग हिशेब करू. घनमीटरभर काँक्रीटमध्ये त्याने जेमतेम तीस किलो चुरा जिरेल, म्हणजे कारचे चार-पाच टायर. एवढ्यासाठी पिलरची ताकद आणि ताठपणा दोन्ही कमी करायचे? घट भरून काढायला सिमेंट वाढवा, असा सल्लाही मिळतो. पण सिमेंट ज्यापासून बनते ते क्लिंकर एक टन भाजताना पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पर्यावरणाच्या नावाने हा उपाय सुचवणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. चुरा कॉस्टिक सोड्याने धुतला तर पकड थोडी सुधारते, पण धुतल्यानंतरचे पाणी कुठे सोडणार? भूकंपाचा धक्का रबर शोषते म्हणावे, तर नागपूर सर्वांत सौम्य भूकंपक्षेत्रात, दुसऱ्या झोनमध्ये आहे. आणि गिट्टी-रेतीच्या भारतीय मानकाची, आयएस 383 ची, 2016 ची आवृत्ती पाडलेल्या काँक्रीटच्या गिट्टीला आरसीसीत एम-25 दर्जापर्यंत 20 टक्के वाव देते. टायरच्या रबराला त्या मानकाच्या यादीत जागाच नाही.

इथे ठेकेदार आणि जुने इंजिनिअर खूश होतील. ‘सांगितलं नव्हतं? रबर म्हणजे भेसळ.’ तेही चूक. साधे काँक्रीट फुटते तेव्हा भसकन फुटते. रबराचे तडकते, पण तुकडे धरून राहते. भार पेलायचा असेल तिथे हा दुर्गुण, धक्का सोसायचा असेल तिथे गुण. ॲरिझोनातल्या चाचण्यांत चुरा घातलेल्या काँक्रीटचे उष्णतेने होणारे प्रसरण कमी दिसले. तिथल्या फिनिक्स शहराचे ऊन आणि आपल्या मे महिन्यातले 47 अंश यांत फार अंतर नाही. थंड देशांत मिळणारे गोठण-वितळणीचे फायदे मात्र आपण विसरावेत, ते इथे निरुपयोगी आहेत.

खरे तर चुऱ्याचे हक्काचे घर डांबर. रबरमिश्रित डांबराचे मानक आहे, रस्तेही आहेत. पण नागपूरने एकामागून एक रस्ते सिमेंटचे केले आणि शहरातच त्या चुऱ्याची जागा आक्रसली. म्हणून आता लोकांची नजर पिलरकडे वळते आहे, असे मला वाटते. ती डिव्हायडरकडे, रस्त्याकडेच्या अडथळ्यांकडे आणि फुटपाथच्या ब्लॉककडे वळवावी. ब्लॉकलाही सूट नाही: गाड्या न जाणाऱ्या जागीसुद्धा मानक एम-30 ची ताकद मागते, त्यामुळे चुरा बेतानेच घालावा लागेल.

नवे साहित्य आधी तपासून मग रस्त्यावर आणण्याला विदर्भातच दाखला आहे. 2023 मध्ये वणी-वरोरा महामार्गावर 200 मीटर बांबूचा अडथळा उभारला, तो पीथमपूरच्या ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्रात आणि रुडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेत तपासून घेतल्यावर. बांबूला लावलेली कसोटी टायरला का नको? महापालिकेने एकाच रस्त्यावर थोडा डिव्हायडर रबराचा आणि शेजारी तितकाच साधा बांधावा, एकाच ठेकेदाराकडून. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेकडे मोजमाप द्यावे, तीन उन्हाळे जाऊ द्यावेत, आणि ट्रकच्या धडकेनंतर दोन्हींच्या दुरुस्तीची बिले शेजारी-शेजारी छापावीत.