येमाई, फिरंगाई आणि आमचा तौहीद

शिरूर तालुक्यात कवठ्याची येमाई, दौंड तालुक्यात कुरकुंभची फिरंगाई. दोन्ही नावं ‘आई’वर संपतात. इथल्या देवीपूजेचा अर्थ मला या एका शब्दात दिसतो.

नवरात्रात घटाभोवती वावरातली माती पसरून तीत धान्य पेरतात, अखंड दिवा लावतात. दसऱ्याला ते अंकुर टोपीत खोवतात. पोटाला घालणारी जमीन ही आई, तिचे उपकार मानायचे, असा त्यामागचा सरळ भाव आहे.

मी मुसलमान आहे. इबादत फक्त अल्लाहची, यात तडजोड नाही. पण मेलेली जमीन पावसानं जिवंत होते, ही निशाणी कुरआन पुन्हा पुन्हा दाखवतो. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ हे शब्द ‘र-ह-म’ या अरबी धातूचे. गर्भाशयाचा अरबी शब्दही त्याच धातूचा. मग आईची माया शोधणाऱ्या शेजाऱ्याची श्रद्धा आपल्याला कळू नये, इतकी परकी कशी?

आपल्यातले काही जण ‘दगडाची पूजा’ म्हणून हिणवतात. इतरांच्या दैवतांना शिव्या देऊ नका, असा स्पष्ट हुकूम सूरह अनआमच्या 108व्या आयतीत आहे. दुसरीकडे, देवीपुढे हात जोडशील तरच तू आमचा, अशी अट घालणारेही आहेत. दोघांनाही माझं सांगणं एकच: पूजा न करणं म्हणजे अनादर नव्हे, आणि आदर करायला पूजा करावीच लागते असंही नाही. एका गावात नांदायला एवढी समज पुरेशी आहे.