दोन किल्ल्यांची तिजोरी

आमचे थोरले बंधू अण्णा गेली चार वर्षे डायलिसिसवर आहेत. रक्त वाढविण्यासाठी त्यांना एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. गेल्या पर्युषणात त्यांनी मला विचारले, "अरे, हे औषध कशापासून करतात?" मला उत्तर ठाऊक नव्हते. शोध घेता कळले, की हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ साली मिळविलेल्या पेशींचा वंश आजही प्रयोगशाळेत वाढवितात आणि त्यांच्याकडून हे औषध करवून घेतात. ऐकून अण्णा गप्प झाले.

निरोगी मूत्रपिंड हे द्रव्य स्वतःच तयार करते. मात्र प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला कळते कसे? हे उलगडणाऱ्या ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशी 'एचआयएफ-अल्फा' नावाचे प्रथिन अखंड बनवितात आणि प्राणवायू पुरेसा असला, की काही मिनिटांत नष्टही करतात. माल बनवायचा आणि लगेच मोडीत काढायचा, हे कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही. परंतु निकडीच्या वेळी येथे नवे उत्पादन सुरू करावे लागत नाही, मोडतोड थांबली की पुरे. मोडीची खूण प्राणवायूमुळेच उमटते. एक विकर प्राणवायू वापरून या प्रथिनावर दोन जागी हायड्रॉक्सिल गट जोडते. ती खूण पाहून 'व्हीएचएल' हे दुसरे प्रथिन त्याला धरते आणि त्याची रवानगी विघटनाकडे होते. प्राणवायू नाही तर खूण नाही, आणि खूण नाही तर पकडही नाही.

वाचलेले प्रथिन पेशीकेंद्रात जाते, पण एकट्याने काही करू शकत नाही. बँकेतील लॉकर जसा एका किल्लीने उघडत नाही, तसे त्याला 'एआरएनटी' या जोडीदाराची गरज असते. मग 'पी-३००' हे तिसरे प्रथिन येऊन मिळते आणि जनुके जागी होतात. प्राणवायू असताना या तिसऱ्यालाही वाट बंद असते. ती खूण निराळे विकर लावते. इतकी सावधगिरी आमच्या शाखेतही नव्हती!

आता मोडीची खूण लावणाऱ्या पहिल्या विकरालाच रोखणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. डेसिडुस्टॅट या गोळीला भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. शरीराला प्राणवायू कमी पडल्याचा भास होतो आणि ते आपले आपण एरिथ्रोपोएटिन बनवू लागते. अण्णांना फार आशा वाटली. पण डॉक्टर म्हणाले, "या प्रथिनाच्या हाती एकच जनुक नाही. नव्या रक्तवाहिन्या, साखरेचे ज्वलन, असे पुष्कळ काही त्याने हलते. तुमच्या फिस्टुलात एकदा गुठळी झाली आहे, म्हणून मी ही जोखीम घेणार नाही."

अण्णांनी वाद घातला नाही. इंजेक्शन चालू आहे. त्या दिवशी सायंकाळच्या प्रतिक्रमणाला ते नेहमीपेक्षा थोडे अधिक वेळ बसतात.