पहिल्या बाकावरचे मूल

शाळेत प्रार्थनेसाठी मुलांना उंचीप्रमाणे उभे करण्याची पद्धत जुनी आहे. सोलापूर शहरातील असो वा सांगोला-करमाळ्याकडील खेड्यातील, प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गाच्या रांगेतील पहिले मूल ठाऊक असते. दुसरीत ते पहिले असते, चौथीत पहिले असते आणि सातवीतही त्याची जागा कोणी घेत नाही. सोबती त्याला टोपणनाव देतात, आईवडील ‘आमच्या घराण्यातच उंची नाही’ अशी मनाची समजूत घालतात आणि शिक्षक त्याला पहिल्या बाकावर बसवून आपले कर्तव्य संपले असे मानतात. या मुलाच्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन यांचे रकाने असतात व ते इमानेइतबारे भरलेही जातात. मात्र गतवर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो.

बालकांच्या वाढीचे शास्त्र नेमके या वजाबाकीपासून सुरू होते. पाचव्या वर्षानंतर वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला साधारणतः पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. वाढ चार सेंटिमीटरहून कमी भरू लागली, तर कारण शोधणे अगत्याचे ठरते. ते कारण अपुरे अन्न असू शकेल, एखादे जुनाट दुखणे असू शकेल किंवा थायरॉइड, पिट्युटरी अशा अंतःस्रावी ग्रंथींतील बिघाड असू शकेल. हाडांची टोके जुळून आली की उंचीचा दरवाजा कायमचा बंद होतो. तात्पर्य, येथे पैशापेक्षाही दुर्मीळ वस्तू आहे ती वेळ.

या विषयाला भारतात शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. मीना देसाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयाशी त्यांचे कार्य निगडित आहे. १९२९ साली स्थापन झालेले हे रुग्णालय गिरणगावात उभे आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्याचे घड्याळ चालत असे त्या सोलापूरला परळची ओळख वेगळी करून द्यावयास नको. जुलाब, क्षय आणि कुपोषण यांनी बालरुग्णालयांचे कक्ष भरून वाहत असण्याचा तो काळ. अशा वेळी संप्रेरकांच्या विकारांकडे लक्ष देणे ही अनेकांना चैन वाटली असती. डॉ. देसाई यांनी मात्र वर्षानुवर्षे अशी मुले तपासली, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या नोंदींतून निष्कर्ष काढले. १९९७ साली त्यांनी थायरॉइडच्या विकाराने पीडित अशा ८०० मुलांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ७९ टक्के मुलांमध्ये या ग्रंथीचे कार्य मंदावलेले होते. पुढे २००१ साली डॉ. विजयलक्ष्मी भाटिया आणि डॉ. पी. एस. एन. मेनन यांच्यासह त्यांनी बालकांच्या अंतःस्रावी विकारांवरील ग्रंथ संपादित केला आणि भारतीय अनुभव भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती दिला.

त्यांच्या कार्याचे सर्वांत मोठे मोल जन्मजात थायरॉइड-न्यूनतेसंबंधी आहे. या विकाराचे मूल जन्मतः बहुधा निरोगीच दिसते, कारण आईच्या रक्तातील संप्रेरक काही काळ त्याला पुरलेले असते. पुढे ते फारसे रडत नाही, दुधासाठी हट्ट करीत नाही, पुष्कळ झोपते. कावीळ लांबते, पोट साफ होत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कौतुकाने म्हणतात, किती गुणी बाळ! त्या कौतुकाच्या आठवड्यांतच मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून जातो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल बहुधा इतरांसारखे शिकते व वाढते. विलंब झाला तर पुढे उंची काही अंशी भरून निघते, पण हरवलेली बुद्धी परत येत नाही. हे औषध म्हणजे थायरॉक्सिनची एक लहानशी गोळी. तिची रोजची किंमत कपभर चहाहूनही कमी.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७० च्या दशकात टिपकागदावरील रक्ताच्या थेंबावरून सर्व नवजात मुलांत हा विकार शोधण्याचा उपक्रम सुरू झाला. तो आपल्याकडे शक्य आहे काय, हा प्रश्न डॉ. देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत प्रत्यक्ष चाचण्या करून हाताळला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विकसनशील देशातील ‘अडचणी आणि उपाययोजना’ हे शब्द होते. मुंबईतील या कामातून सुमारे २,६४० नवजात मुलांमागे एक असे प्रमाण पुढे आले. नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत मिळून एक लाखाहून अधिक अर्भके तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात हे प्रमाण १,१३० मध्ये एक इतके निघाले.

हे आकडे सोलापूरच्या जमिनीवर उतरवून पाहावेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. हजारी १५ जन्म धरले, तर वर्षाला सुमारे ६५,००० मुले जन्मतात. मुंबईचे प्रमाण लावल्यास त्यांतील २५ आणि परिषदेचे प्रमाण लावल्यास ५७ मुले दरवर्षी हा विकार घेऊन येतात. प्रत्येक मुलामागे थेंबभर रक्त आणि एक गोळी की जन्मभराचे परावलंबन, असा हा हिशेब आहे. तो मांडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. असे असूनही २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे, प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या विकाराची तपासणी ‘ऐच्छिक’ म्हणून ठेवली गेली. केरळने सरकारी प्रसूतिगृहांतून ती राबवून दाखविली. देशात ती अद्याप सार्वत्रिक झालेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात विडी कामगारांची आणि ऊसतोड मजुरांची मुले पोटभर अन्नावाचून खुरटतात, तेथे हजारांत एखाद्या मुलाच्या विकारावर खर्च का करावा? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचे गृहीतक चुकीचे आहे. मोजमापाची एकच पट्टी दोन्ही मुलांना शोधून काढते. उपासमारीने खुंटलेले मूल आणि ग्रंथीच्या बिघाडाने खुंटलेले मूल रांगेत शेजारीशेजारीच उभे असते. वृद्धिसंप्रेरकाची इंजेक्शने आजही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत, हे खरे. परंतु महाग उपचार परवडत नाहीत म्हणून स्वस्त उपचारही नाकारणे याला काटकसर म्हणत नाहीत. खरी अडचण अंमलबजावणीची आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, बाळंतीण दोन दिवसांत घरी जाते, मजुरांची कुटुंबे हंगामात गाव सोडतात. चाचणीचा निकाल त्या घरापर्यंत पोहोचवायचा तर आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती यांना ते काम नेमून द्यावे लागेल.

शाळेच्या वयासाठी तर साधन तयारच आहे. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी सहकाऱ्यांसह भारतीय मुलांच्या वाढीचे मापन केले. त्या परंपरेतून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वृद्धी-आलेख तयार झाले. त्यांसाठी चौदा शहरांतील ८७,०२२ मुलांची माहिती संकलित करण्यात आली व निकषांत बसणाऱ्या ३३,१४८ मुलांवरून आलेख बेतले गेले. परदेशी मुलांच्या मापाने आपली मुले मोजण्याची गरज त्यामुळे उरली नाही. हा आलेख मुख्याध्यापकांच्या कचेरीत भिंतीवर लागणे आणि प्रगतिपुस्तकातील आकडा वर्षातून दोनदा त्यावर ठिपका म्हणून उमटणे, यासाठी कोणत्याही नव्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. ठिपका खाली घसरू लागला की मुलाला सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे, एवढेच शिक्षकाकडे मागणे आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे.

परळच्या रुग्णालयात जे ज्ञान जमले ते मापनाच्या चिकाटीतून जमले. ते ग्रंथांत बंद राहिले तर आठशे मुलांच्या नोंदींचे चीज होणार नाही. शासनाने यादीतील ‘ऐच्छिक’ हा शब्द पुसावा आणि शाळांनी आपल्या रकान्यांतील वजाबाकी करावी. यांतले पहिले काम मंत्रालयात होईल तेव्हा होईल. दुसरे मात्र येत्या सोमवारच्या प्रार्थनेनंतरही सुरू करता येईल.