पशुवैद्याला बोलते करा

कुत्र्याच्या एक्स-रेमध्ये डावीकडच्या तीन बरगड्या मोडलेल्या दिसतात. एक मोड ताजा आहे, दुसऱ्याभोवती हाड नुकते धरू लागले आहे आणि तिसरा कधीचाच जुळून तिथे नुसती गाठ उरली आहे. ‘काल जिन्यावरून पडला,’ असे मालक सांगतो. एका पडण्यात हाडे अशी वेगवेगळ्या वेळी मोडत नाहीत, हे पशुवैद्याला फिल्म उजेडात धरताच कळते. तो वेदनाशामक देतो, बिल करतो आणि कुत्रा त्याच घरी परत जातो. डॉक्टरचे काळीज दगडाचे असते असे नाही. ही मारहाण कुणाला तरी कळवलीच पाहिजे, असे आपल्याकडचा कायदा त्याला सांगत नाही, एवढेच.

माणसांच्या डॉक्टरला ही मुभा नाही. संशयास्पद जखम आली की इस्पितळ तिची एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी नोंद करते आणि पोलीस चौकीला कळवते. बालकांच्या बाबतीत तर 2012 च्या पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकालाच खबर देणे भाग पाडले आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि चांगल्या हेतूने दिली तर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. जनावरांच्या रोगांबाबतही सरकार असेच दक्ष आहे. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार, आपल्या ताब्यातल्या जनावराला अधिसूचित साथरोग झाल्याचा संशय आला तरी तो कळवावा लागतो. जनावराच्या अंगावर लम्पीची गाठ दिसली की खबर वर गेली पाहिजे. त्याच अंगावर काठीचे वळ दिसले तर मात्र ज्याची त्याची मर्जी!

ही मर्जीच पशुवैद्याला अडचणीत आणते. गावातला डॉक्टर गोठ्यात बैल तपासतो तेव्हा पुठ्ठ्यावर पराणीच्या आरेने पडलेली भोके आणि पिरगाळून सांधा निखळलेली शेपटी त्याला स्पष्ट दिसते. पण बैल सरपंचाच्या भावाचा असतो. उद्या लसीकरणाला त्याच आळीत जायचे असते. खासगी दवाखाना असेल तर पोटच गिऱ्हाइकावर चालते. अशा वेळी आपणहून तक्रार करणारा डॉक्टर गावाच्या लेखी चुगलखोर ठरतो. कायद्याने बांधलेला डॉक्टर मात्र म्हणू शकतो, ‘दादा, माझ्या हातात काही नाही, लिहिले नाही तर माझाच परवाना जाईल.’ सक्ती हे डॉक्टरवरचे ओझे आहे असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य ध्यानात घ्यावे. त्याला एकट्याला पुढे ढकलण्यापेक्षा त्याच्या पाठीशी कायदा उभा करणे कितीतरी माणुसकीचे आहे.

कॅलिफोर्नियात नेमके हेच केले आहे. उपचाराला आलेल्या जनावरावर क्रौर्य झाल्याचा वाजवी संशय आला की तातडीने पोलीस यंत्रणेला कळवणे हे तिथल्या परवानाधारक पशुवैद्याचे कर्तव्य आहे आणि कळवल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी दावा चालत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने 2016 पासून प्राण्यांवरील क्रौर्याची वेगळी गुन्हेनोंद सुरू केली. घरातल्या मुक्या जिवावर चालणारा हात त्याच घरातल्या बाईवर आणि मुलांवरही चालत असतो, हे तिथल्या आश्रयगृहांतील स्त्रियांशी बोलून संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे.

एक आक्षेप खरा आहे. तक्रार होईल या भीतीने मालक जनावर दवाखान्यात आणणारच नाहीत, निदान काही जण तरी. म्हणूनच हात राखून कायदा करावा लागेल. ऊस वाहणाऱ्या बैलाची खांदेसूज ही अनेकदा मालकाच्याही कर्जाची आणि उपासमारीची खूण असते. तिथे पोलीस धाडणे अन्यायाचे होईल. हयगयीची पहिली खबर जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे जावी आणि तिने मालकाला मदत व समज दोन्ही द्यावी. जाणूनबुजून केलेली मारहाण, विषप्रयोग, पुन्हा पुन्हा होणारी इजा या गोष्टी मात्र थेट पोलिसांकडे. खबर कुठल्याही परिस्थितीत गोरक्षक म्हणवणाऱ्या टोळक्यांच्या हाती पडता कामा नये. ती देणाऱ्याचे आणि मालकाचे, दोघांचेही नाव गुप्त राहिले पाहिजे.

नुसत्या खबरीने भागणार नाही, हेही उघड आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला बेदम मारण्याच्या पहिल्या गुन्ह्याला आजही 10 ते 50 रुपये दंड आहे. शिवाय मारहाणीचा हा गुन्हा दखलपात्र नाही, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पोलीस तपासच करू शकत नाहीत. जनावर मेले किंवा जायबंदी झाले तरच भारतीय न्याय संहितेचे कलम 325 आणि पाच वर्षांपर्यंतची कैद लागू होऊ शकते. ते मरेपर्यंत किंवा लुळे होईपर्यंत ज्याला सगळे दिसत असते, तो पशुवैद्य कायद्याच्या लेखी गप्प राहायला मोकळा आहे.

केंद्राकडे बोट दाखवून महाराष्ट्राला हात झटकता येणार नाहीत. याच 1960 च्या कायद्यात आपल्या विधिमंडळाने 2017 मध्ये दुरुस्ती केली ती बैलगाडा शर्यतींसाठी, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकलीही. शर्यतीच्या बैलासाठी जी तत्परता दाखवली, ती आता गोठ्यातल्या आणि घरातल्या जनावरासाठी दाखवावी. येत्या अधिवेशनात पशुवैद्यांवर खबर देण्याचे बंधन आणि त्यांना संरक्षण, अशी दोन्ही कलमे असलेले विधेयक सरकारने मांडावे.