अंजिराचं काळीज

व्हेनिसच्या खानावळीत 'फेगातो आल्ला वेनेत्सियाना' मागवलं की ताटात कलेजी येते. पातळ कापलेली, भरपूर कांद्यात परतलेली. फेगातो म्हणजे यकृत. पण अभिजात लॅटिनमध्ये यकृताला म्हणत 'येकुर', आपल्या 'यकृत'चा सख्खा भाऊ. ग्रीक 'हेपार'ही याच घरातला. मग येकुरचं 'फेगातो' कसं झालं?

झालंच नाही. येकुर मेला आणि त्याच्या जागी त्याचं विशेषण बसलं.

ग्रीक लोक जनावरांना अंजिरं चारून त्यांचं यकृत पोसत. अंजिराला ते 'सीकोन' म्हणत, म्हणून असं यकृत 'सीकोतोन'. रोमनांनी नावाचा शब्दशः तर्जुमा केला. त्यांचं अंजीर 'फीकुस', म्हणून 'येकुर फिकातुम', अंजिरावर पोसलेलं यकृत. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने ही कृती लिहून ठेवली आहे: डुकरिणीला सुकी अंजिरं खाऊ घालायची, पोट भरलं की मध घातलेली वाइन पाजून मारायची. हा शोध तो मार्कुस आपिकियुस या रोमन खवय्याच्या नावावर टाकतो.

पुढे लोकांनी 'येकुर' गाळला. 'पैठणी'पुढे 'साडी' म्हणायची गरज आपल्याला तरी कुठे वाटते? फरक एवढाच की आपली साडी शाबूत आहे. तिथे मूळ नामच गेलं. अंजीर कधी न चाखलेल्या बैलाचं, माशाचं, माणसाचंही यकृत 'अंजिरी' ठरलं. 'फिकातुम'मधल्या 'क'चा 'ग' झाला, आघात पहिल्या अक्षरावर सरकला, आणि फेगातो तयार. स्पॅनिश 'इगादो', फ्रेंच 'फ्वा', रुमानियन 'फिकात' ही त्याचीच भावंडं.

ध्वनिनियम 'क'चा 'ग' कसा झाला ते सांगतात, पण यकृतात अंजीर कुठून आलं ते सांगत नाहीत. त्यासाठी चुलीपाशीच जावं लागतं. व्युत्पत्ती शिकवताना हा अर्धा भाग गाळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इटालियनमध्ये धाडसी माणसाला 'फेगातो आहे' म्हणतात. आपण म्हणतो, त्याला वाघाचं काळीज लागतं. आणि अथेन्सच्या खाटकाकडे आजही कलेजी 'सिकोती' या नावानेच मिळते.